अमेरिका पश्चिमेकडे का सरकत गेली? मोजणी, कापूस, रेल्वे आणि हुसकावलेली माणसं

कोरडवाहू (धागाकर्ता)

१८०० साली अमेरिका हा अटलांटिकच्या बाजूचा, सुमारे ५३ लाख वस्तीचा देश होता. १९०० साली तो पॅसिफिकपर्यंत पोचलेला होता आणि वस्ती साडेसात कोटींच्या वर गेली होती. मधल्या शंभर वर्षांत काय घडलं म्हटलं की डोळ्यांपुढे ताडपत्रीच्या बैलगाड्या, घोडेस्वार आणि बंदुका येतात. ते सगळं होतंच. पण माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली, त्यामुळे या इतिहासात मला सगळ्यात आधी दिसते ती मोजणीची साखळी. तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा.

१७८५ मध्ये, आजची राज्यघटना लिहिली जाण्याच्याही आधी, अमेरिकन काँग्रेसने जमिनीचा एक कायदा केला. ओहायो नदीपलीकडची जमीन विकायची, पण विकण्याआधी मोजायची. सहा मैल गुणिले सहा मैलांचा चौकोन म्हणजे एक टाउनशिप. तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. १६ नंबरचा तुकडा शाळेसाठी राखीव. मध्ये टेकडी येवो, ओढा येवो, कुणाची वस्ती येवो, रेघ सरळ पुढे जायची. माप गुंटरच्या साखळीचं: ६६ फूट लांब, १०० कड्या. ८० साखळ्यांचा मैल, १० चौरस साखळ्यांचा एकर. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे बरोबर याच साखळीच्या अर्ध्या लांबीचा चौरस. ४० गुंठ्यांचा एकर त्यामुळेच जुळतो.

आपल्याकडे इंग्रजांनी मोजणी केली ती सारा बसवायला. बांध पाहिले, कसणारा कोण ते पाहिलं, मग सर्व्हे नंबर पडले. तिथली मोजणी विकण्यासाठी होती, आणि जमिनीवर आधीपासून कोण राहतंय याला त्या नकाशात रकानाच नव्हता.

आता विक्रीचा हिशेब बघा. सुरुवातीला किमान ६४० एकर, एकरी १ डॉलर. साध्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं काम. जमीन घ्यायचे ते दलाल आणि कंपन्या, आणि तुकडे पाडून चढ्या भावाने पुढे विकायचे. पुढे उधारी सुरू केली, ती १८१९ च्या मंदीत बुडाली. मग १८२० पासून नियम असा झाला: किमान ८० एकर, एकरी सव्वा डॉलर, रोख. म्हणजे १०० डॉलर गाठीला असले की माणूस जमीनदार. १८३० च्या दशकात तर जमिनीचा इतका सट्टा झाला की १८३६ साली केंद्र सरकारला जकातीपेक्षा जमीनविक्रीतून जास्त पैसा आला. ज्या सरकारची तिजोरी जमीन विकून भरते, त्या सरकारला नवी जमीन सतत लागतेच. विस्ताराच्या कारणांत मी हे कारण पहिलं मांडतो. वस्तीवाले आधी गेले आणि सरकार मागून फरफटत आलं, ही मांडणी मला पटत नाही.

जमीन मिळवण्याचे टप्पे थोडक्यात. १८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनने फ्रान्सच्या नेपोलियनकडून लुईझियाना घेतला, दीड कोटी डॉलरला सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर. नेपोलियनने विकला, कारण हैतीतल्या गुलामांनी त्याच्या फौजेचा पराभव केला होता आणि अमेरिका खंडातलं साम्राज्य सांभाळण्यात त्याला राम उरला नव्हता. पण फ्रान्सने विकलं ते काय? तिथे फ्रेंच मूठभर. ओसेज, लकोटा, पॉनी असे कितीतरी समाज तिथे नांदत होते आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. अमेरिकेने विकत घेतला तो इतर युरोपीय सत्तांना दूर ठेवण्याचा हक्क. मूळ रहिवाशांकडून जमीन सोडवून घेणं त्यानंतर शतकभर चालू राहिलं, कधी करारावर सही घेऊन, कधी बंदुकीने.

पुढे १८४५ ला टेक्सस, १८४६ ला ब्रिटनशी समझोता करून ओरेगॉन, १८४८ ला मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियासकट जवळपास सगळा नैऋत्य भाग, १८६७ ला रशियाकडून अलास्का. पॅसिफिकपर्यंत पसरणं हे आपलं देवाने नेमून दिलेलं कामच आहे, अशी भाषा १८४५ मध्ये वर्तमानपत्रांत आली. जॉन ओ'सलिव्हन या संपादकाने तिला 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' हे नाव दिलं. मला विचाराल तर ही भाषा कारण कमी आणि समर्थन जास्त. साखळी साठ वर्षं आधीच निघाली होती.

जाणकारांनी भर घालावी. मतभेद असतील तर जरूर मांडा.

---

नगरी_चहा

सुरेख धागा. करारावर सही कशी घेतली जायची याचं एक उदाहरण देतो, कारण त्यात आमच्या नगरचाही एक धागा आहे.

जॉर्जियातले चेरोकी आदिवासी. गोरे म्हणत होते की हे लोक 'सुधारले' तर शेजारी म्हणून राहू शकतील. चेरोकींनी ते करून दाखवलं. शेती, फळबागा, पिठाच्या गिरण्या. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी त्याने १८२१ पर्यंत आपल्या भाषेची संपूर्ण लिपी एकट्याने तयार केली आणि काही वर्षांत बहुसंख्य चेरोकी साक्षर झाले. १८२७ ला लेखी राज्यघटना. १८२८ ला न्यू एकोटाहून 'चेरोकी फिनिक्स' हे वर्तमानपत्र, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. (त्यांच्यातल्या सधन कुटुंबांकडे काळे गुलाम होते, हेही सांगायला हवं.)

१८२९ मध्ये त्यांच्या हद्दीत सोनं सापडलं. १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा करून घेतला. सॅम्युएल वूस्टर नावाचा मिशनरी चेरोकींच्या बाजूने उभा राहिला. जॉर्जियाचा परवाना न घेता चेरोकी मुलखात राहिला म्हणून राज्याने त्याला चार वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शलने निकाल दिला की चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही. निकाल चेरोकींच्या बाजूने लागूनही उपयोग शून्य. त्याच वर्षी जॉर्जियाने त्यांच्या जमिनीची सोडत काढली: शेतीची जमीन १६० एकरांच्या तुकड्यांनी, सोन्याच्या पट्ट्यातली ४० एकरांच्या. मूळ मालक घरात राहत असताना त्यांच्या घराची चिठ्ठी दुसऱ्याला निघत होती.

१८३५ मध्ये मूठभर चेरोकींनी, अधिकार नसताना, सगळी जमीन देण्याच्या करारावर सही केली. प्रमुख जॉन रॉस आणि हजारो लोकांनी लेखी विरोध केला. सिनेटने तो करार एका मताच्या फरकाने मंजूर केला. १८३८ मध्ये सैन्य आलं, माणसांना घरांतून काढून लाकडी कुंपणांत कोंडलं आणि मग ऐन थंडीत आजच्या ओक्लाहोमाकडे चालवलं. सुमारे १६,००० माणसं, त्यांतली ४,००० च्या आसपास मेली.

आता नगर. वूस्टर ज्या अमेरिकन बोर्डाचा मिशनरी, त्याच बोर्डाचं मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून नगरला होतं. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये त्यांनीच नगरहून काढला. बॉस्टनमधली एकच संस्था एकाच काळात चेरोकी आणि मराठी अशा दोन भाषांत छपाई करत होती. नगरमध्ये या मिशनबद्दल पुष्कळ बोललं जातं, ही बाजू मात्र कधीच निघत नाही.

---

नर्मदाकाठ

वाचतेय. एक शंका: हलवलेल्या लोकांच्या जागी लगेच कोण आलं? छोटे शेतकरी की मोठे?

---

वऱ्हाडी_सरकी

नर्मदाकाठ, जॉर्जिया, अलाबामा आणि मिसिसिपी या भागापुरतं उत्तर एका शब्दात देतो: कापूस. छोटे शेतकरीही आले, पण काळी कसदार जमीन मोठ्या मळेवाल्यांनी धरली.

आमच्या घरात तीन पिढ्या जिनिंगचा धंदा, म्हणून हा भाग जरा सविस्तर. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट धरून असते. हाताने सोडवायची तर एका माणसाच्या दिवसभरात जेमतेम अर्धा किलो रुई निघते. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं जिन आलं आणि हे आखूड धाग्याचं पीक एकदम परवडायला लागलं. तिकडे लँकेशायरच्या गिरण्यांना माल पुरत नव्हता. मग काय, कापूस सुटला पश्चिमेकडे: कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना, टेक्सस.

जिनने सरकी काढायची मजुरी वाचली, वेचणी मात्र हातानेच होती. परदेशातून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी. मग व्हर्जिनिया-मेरीलँडमधले मालक आपले गुलाम खाली विकायला लागले. गृहयुद्धापर्यंत (१८६१-६५, उत्तर विरुद्ध दक्षिण) सुमारे १० लाख माणसं अशी नवीन कापूसपट्ट्यात नेली गेली, पुष्कळदा साखळदंडांत, पायी. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. १७९० मध्ये देशात गुलाम सुमारे ७ लाख होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. पश्चिम-विस्तार म्हटला की गाडीत बसून स्वतःच्या मर्जीने निघालेलं कुटुंब सगळ्यांना आठवतं. या १० लाखांना कुणी मर्जी विचारली नव्हती.

कापसावर कापूस घेतला की जमीन थकते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मळेवाल्यांनी जमीन सुधारण्यापेक्षा नवी घेणं पत्करलं. आणि नवीन राज्य झालं की सिनेटमध्ये दोन जागा, म्हणून प्रत्येक नव्या राज्याला एकच प्रश्न: गुलामगिरी असणार की नाही? १८२० मध्ये मिसूरीच्या वेळी ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर रेघ मारून भांडण मिटवलं: मिसूरी सोडून रेघेच्या वर गुलामगिरी बंद, खाली चालेल. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली तेव्हा टेक्ससमध्ये गेलेले अमेरिकन मळेवाले अस्वस्थ झाले. १८३६ च्या टेक्ससच्या बंडामागे इतर कारणं आहेत, पण हे कारण गाळता येत नाही. मेक्सिकोकडून प्रचंड मुलूख मिळाल्यावर भांडण पुन्हा उघडलं. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती जुनी रेघ पुसली आणि कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना मारायला लागले. लिंकनचा पक्ष १८६० मध्ये निवडून आला तो नव्या मुलखात गुलामगिरी पसरू देणार नाही या भूमिकेवर. दक्षिणेने फुटून निघायला तेवढं पुरलं.

म्हणून मी गृहयुद्धाला पश्चिम-विस्ताराचा सगळ्यात मोठा परिणाम म्हणतो. सहा लाखांहून जास्त माणसं मेली त्यात.

---

सह्यवारा

धागा आणि प्रतिसाद दोन्ही अभ्यासपूर्ण. तरी एक बाजू राहतेय असं वाटतं.

गेलेले लोक कोण होते? १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळातून जीव वाचवून आलेले आयरिश. जर्मनीतले, नॉर्वे-स्वीडनचे भूमिहीन. युरोपात सात पिढ्या राबले असते तरी त्यांच्या नावावर एक एकर झाला नसता. त्यांना १६० एकर मिळाले. १८६२ चा होमस्टेड कायदा जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे: २१ वर्षांवरचा माणूस, एकटी बाईसुद्धा, अजून नागरिक न झालेला पण होऊ इच्छिणारा परदेशीसुद्धा, साधारण १८ डॉलर फी भरून अर्ज करू शकत होता. पाच वर्षं राहा, कसा, जमीन तुमची. एकूण सुमारे १६ लाख कुटुंबांना २७ कोटी एकर मिळाले. वायोमिंगने १८६९ मध्ये बायकांना मताधिकार दिला, तो याच नव्या मुलखात. या माणसांचे कष्ट आणि त्यांनी उभी केलेली गावं हीसुद्धा खरी गोष्ट आहे. आणि रोगराईने मूळ लोकसंख्या आधीच्या तीन शतकांत घटली होती, तेही लक्षात घ्या.

---

अनिता_ओमाहा

सह्यवारा, कष्टांबद्दल शंभर टक्के सहमत. मी नेब्रास्कात राहते. बीट्रिस गावाजवळ, जिथे होमस्टेड कायद्याखालच्या अगदी पहिल्या अर्जांपैकी एक १ जानेवारी १८६३ ला दाखल झाला, तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. मुलांना घेऊन जाऊन आले. जुन्या प्रेअरीचं, म्हणजे इथल्या गवताळ मैदानाचं, गवत परत लावलंय. ऑगस्टमध्ये ते माझ्या डोक्याच्या वर होतं, आणि मुळं त्याहून खोल जातात. अशी जमीन पहिल्यांदा नांगरायची तर साधा नांगर टिकत नव्हता. ओली माती बिडाच्या फाळाला चिकटायची, दर थोड्या पावलांवर थांबून खरवडायची. जॉन डिअरचा गुळगुळीत पोलादी फाळ १८३७ मध्ये आला तेव्हा कुठे प्रेअरी उलटायला लागली.

झाडं नाहीत, म्हणून लाकूड नाही. मग मुळांसकट गवताची जाड ढेपच विटांसारखी कापून घर बांधायचे. भिंती दोन-तीन फूट जाड, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण पाऊस आला की बाहेरचा थांबल्यावरही आत छत गळत राहायचं, आणि त्या मातीतून साप-उंदीर खाली पडायचे. सरपण म्हणजे गव्यांचं (इथल्या बायसनचं) वाळलेलं शेण. १८७४ मध्ये टोळधाड आली, पिकं तर गेलीच, अवजारांचे घामाने खारट झालेले दांडेही टोळांनी कुरतडले. १२ जानेवारी १८८८ ला दुपारी अचानक बर्फाचं वादळ आलं तेव्हा मुलं शाळेतून घरी निघाली होती. त्या एका वादळात २०० हून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं.

बायकांच्या पत्रांत सगळ्यात जास्त येतं ते एकटेपण. १६० एकरांचा चौकोन आणि कायद्याची अट अशी की स्वतःच्या तुकड्यावरच राहायचं. त्यामुळे आपल्यासारखं गावठाण होऊच शकत नव्हतं. शेजारीण अर्ध्या मैलावर. कोरडवाहूंचा मोजणीचा मुद्दा मला इथे रोज दिसतो: रस्ते अजूनही दर मैलाला काटकोनात.

---

कोरडवाहू

अनिताताई, एकटेपणाचा मुद्दा नकाशावरून माझ्या कधीच लक्षात आला नसता. आभार.

सह्यवारा, आयरिश-जर्मन शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. पण त्याला ती जमीन 'मिळाली', कारण कुणाकडून तरी ती काढून घेतली गेली होती आणि ते काढून घेणं सरकारने केलं. १८६२ हे एकच साल घ्या. २० मे ला होमस्टेड कायदा. १ जुलैला रेल्वेचा कायदा. २ जुलैला मॉरिल कायदा, ज्याने प्रत्येक राज्याला कॉलेज काढण्यासाठी जमीन दिली. ऑगस्टमध्ये मिनेसोटात डकोटा लोकांचं बंड, कारण जमीन दिल्याचे कबूल केलेले पैसे वेळेवर आले नव्हते आणि माणसं उपाशी होती. २६ डिसेंबरला मँकाटो इथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी. एकाच सरकारचं एका वर्षातलं काम आहे हे.

मॉरिल कायद्यावर जरा थांबा, कारण तो आपल्या घरापर्यंत येतो. परड्यू, आयोवा स्टेट, टेक्सस ए अँड एम, कॉर्नेल, ही सगळी त्या कायद्यातली विद्यापीठं. त्यांना भांडवल म्हणून दिलेली जमीन बऱ्याचदा हजारो मैल दूरची, आदिवासींकडून नुकतीच घेतलेली होती. ती विकून कॉलेजं उभी राहिली. इथले कितीजण तिथे एमएस करून आलेत? शिकू नये असं म्हणत नाही, माझा मुलगाही तिथलाच. पण हिशेब माहीत असावा.

आता पावसाचा मुद्दा, कारण होमस्टेड कायद्याची खरी गफलत तिथे आहे. साधारण १०० अंश पश्चिम रेखावृत्त नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा यांच्या मधून जातं. त्याच्या पश्चिमेला पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या खाली, म्हणजे आपला माण-जत पट्टा. १६० एकर हा आकडा ओहायो-इलिनॉयच्या पाणीदार जमिनीवरून काढलेला. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये सरकारला अहवाल दिला: कोरड्या भागात चराऊ धंद्याला एका कुटुंबाला २,५६० एकर लागतील, ओलिताच्या शेतीला ८० पुरतील, आणि मोजणी चौकोनात न करता पाण्याच्या मागाने करा. मोजणीच्या माणसाला हे वाचून उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. कुणी ऐकलं नाही. उलट नांगरट केली की पाऊस मागून येतो, असं रेल्वे कंपन्या आणि जमिनीचे दलाल छापत होते. १८८० च्या सुरुवातीला पाऊस बरा झाला, लोकांचा विश्वास बसला. दशकाच्या अखेरीस दुष्काळ पडला आणि पश्चिम कॅन्ससमधून गाड्याच्या गाड्या उलट्या फिरल्या. १९३० च्या दशकातली धुळीची वादळं ही त्याच नांगरटीची पुढची पायरी.

---

स्टेशनमास्तर

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर लिहितो.

कंपन्यांना सरकारने रोख कमी आणि जमीन जास्त दिली. १८६४ च्या दुरुस्तीनंतर रुळाच्या प्रत्येक मैलामागे २० चौरस मैल, रुळाच्या दोन्ही बाजूंना एक सोडून एक तुकडा. नकाशावर बुद्धिबळाचा पट दिसतो. शिवाय मैलाला १६,००० ते ४८,००० डॉलर कर्ज, सपाटीला कमी आणि डोंगरात जास्त. सगळ्या रेल्वे कंपन्यांना मिळून केंद्राकडून सुमारे १३ कोटी एकर. ती जमीन विकायची तर गिऱ्हाईक पाहिजे, म्हणून कंपन्यांनी युरोपात एजंट नेमले, जर्मन आणि स्वीडिश भाषेत पत्रकं छापली. १८७४ मध्ये रशियातून कॅन्ससला आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 'टर्की रेड' नावाचा हिवाळी गहू आणला, आणि कॅन्ससचा गहू म्हणून पुढे जे नाव झालं ते त्याच्यावर.

पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिकने रूळ टाकले ते प्रामुख्याने चिनी मजुरांच्या हातांनी, दहा हजारांहून जास्त. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट फोडताना बोगदा दिवसाला कित्येकदा फूटभरही सरकायचा नाही. हिमकड्यांखाली छावण्या गाडल्या गेल्या. १८६७ मध्ये त्यांनी संप केला, मागणी गोऱ्यांइतक्या पगाराची. कंपनीने रसद तोडून आठवडाभरात तो मोडला. १० मे १८६९ ला यूटामधल्या प्रोमॉन्टरी इथे दोन्ही बाजू जुळल्या. महिने लागायचे तो प्रवास आठवडाभरावर आला. (आपल्याकडे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग सलग झाला तो पुढच्याच वर्षी, १८७० ला.) आणि १८८२ मध्ये त्याच देशाने चिनी मजुरांना यायला बंदी केली.

रुळांनी गवे संपवले, हा सगळ्यात वाईट परिणाम. शतकाच्या सुरुवातीला अंदाजे ३ कोटी असतील. १८७१ च्या सुमारास गव्याचं कातडं कमावून कारखान्यांच्या यंत्रांचे पट्टे करता येतात हे कळलं आणि शिकारी तुटून पडले. कातडं सोलायचं, बाकी धड तिथेच कुजायचं. नंतर गरीब वस्तीवाले ती हाडं वेचून स्टेशनवर आणायचे, खतासाठी आणि साखर शुद्ध करण्यासाठी. स्टेशनांशेजारी हाडांच्या राशींचे फोटो आहेत, माणूस त्यापुढे मुंगीएवढा दिसतो. १८८० च्या दशकाअखेर हजारभर गवे उरले. मैदानांवरच्या लोकांचं अन्न, तंबू, कपडे, हत्यारं सगळं गव्यावर. लष्करी अधिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि शिकार थांबवण्याचं विधेयक १८७४ मध्ये काँग्रेसने मंजूर केलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रँटने त्यावर सहीच केली नाही.

---

नर्मदाकाठ

कॅलिफोर्नियाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून चार ओळी. २४ जानेवारी १८४८ ला सटरच्या गिरणीपाशी सोनं सापडलं, आणि मेक्सिकोने हा मुलूख देण्याच्या करारावर सही केली २ फेब्रुवारीला. नऊ दिवसांचं अंतर. मेक्सिकोला पत्ताच नव्हता. पुढच्या काही वर्षांत तीन लाखांच्या आसपास लोक तिथे आले. मूळ रहिवासी १८४८ मध्ये सुमारे दीड लाख होते, १८७० पर्यंत ३० हजारांच्या आसपास उरले. रोग, उपासमार, आणि उघड कत्तली. राज्य सरकार स्वयंसेवक टोळ्यांचा खर्च भरून देत होतं, केंद्राने त्यातला बराच नंतर राज्याला परत दिला. १८५० च्या राज्याच्या कायद्याने आदिवासी मुलांना 'उमेदवारी'च्या नावाखाली राबवून घेता येत होतं. सह्यवारा, रोगराईचा मुद्दा खरा आहे, पण इथे रोगराईबरोबर सरकारी बिलंही आहेत.

---

सह्यवारा

नर्मदाकाठ, कॅलिफोर्नियाबाबत तुमच्याशी वाद नाही. पण ओहायो ते कॅलिफोर्निया सगळं एकाच सूत्रात बसवणं मला अजूनही धोक्याचं वाटतं. ओरेगॉनकडे निघालेली कुटुंबं १८४३ पासून जात होती तेव्हा तिथे अमेरिकन सरकारची मोजणी नव्हती, मालकीही नक्की झाली नव्हती. तिथे माणसं आधी आणि सरकार मागून, हे खरं आहे.

---

कोरडवाहू

ओरेगॉनचा दाखला वजनदार आहे. पण ती कुटुंबं निघाली तेव्हा त्यांना प्रत्येकी ६४० एकर द्यायची विधेयकं वॉशिंग्टनमध्ये मांडली जात होती आणि त्याच्या बातम्या त्यांच्यापर्यंत पोचत होत्या. १८५० मध्ये नवरा-बायकोला मिळून ६४० एकर देणारा कायदा झालाही. सरकार जमीन देईल या भरवशावर माणूस निघतो तेव्हा सरकार मागे असतं असं मी म्हणणार नाही. इथे आपलं मत वेगळं राहील.

---

वऱ्हाडी_सरकी

माझ्या प्रतिसादाची दुसरी बाजू लिहायची राहिली होती. गृहयुद्धात उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. ब्रिटनला लागणाऱ्या कापसातला तीन-चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेतून यायचा, तो अडला. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा काळ, बॅकबेच्या समुद्रातल्या भरावाचे शेअर, सगळं त्यातलं. वऱ्हाड-खानदेशात ज्वारीची जमीन कापसाकडे गेली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या बँका बुडाल्या.

शहराचं नुकसान दिसलं, खेड्याचं उशिरा दिसलं. तेजीच्या वर्षांत सावकारांनी कुणब्याला हात सैल सोडून कर्ज दिलेलं, आणि सरकारने १८६० च्या दशकाअखेर नव्या आकारणीत पुणे जिल्ह्यात सारा बराच वाढवला, चढ्या भावांचा आधार घेऊन. भाव उतरले, सारा उतरला नाही, कर्ज व्याजासकट वाढलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले, आणि ते लोण पुणे-नगरच्या गावांत पसरलं. सरकारी चौकशी आयोगाने कारणांत अमेरिकन युद्धाच्या तेजी-मंदीची नोंद केली आहे. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा त्यातूनच आला. अलाबामात नवी जमीन कापसाखाली आली नसती, तर सुप्याच्या शेतकऱ्याच्या कर्जाचा आकडा वेगळा असता.

---

नगरी_चहा

+१. सुप्याचा संदर्भ इथे जुळेल असं वाटलं नव्हतं. कोरडवाहू, एक विचारायचं होतं: आदिवासींकडे आज जमीन किती उरली? आणि काही परत मिळाली का?

---

कोरडवाहू

नगरी_चहा, यातला मोठा घाव लढायांनंतरचा आहे. १८८७ मध्ये डॉझ कायदा आला. सामाईक जमीन मोडून प्रत्येक कुटुंबप्रमुखाच्या नावे १६० एकर पाडायचे, आणि वाटून उरलेली जमीन 'जादा' ठरवून बाहेरच्यांना विकायची. जबरदस्तीची खातेफोडच ही. १८८७ मध्ये त्यांच्याकडे १३.८ कोटी एकर होते, १९३४ मध्ये हा प्रकार थांबला तेव्हा ४.८ कोटी. २२ एप्रिल १८८९ ला दुपारी १२ ला बंदूक वाजवून ओक्लाहोमात लोकांना जमिनी धरायला सोडलं, तो मुलूखही आदिवासींसाठी म्हणून ठरवलेल्या भागातला. चेरोकींना जिथे कायमचं वसवलं असं सांगितलं होतं, त्याच बाजूला.

परत मिळण्याबद्दल दोन प्रकरणं सांगतो. ब्लॅक हिल्स १८६८ च्या करारात लकोटांच्या होत्या. त्यातली जमीन घ्यायची तर तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात, असं कलमच होतं. १८७४ मध्ये सोनं सापडलं. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला अमेरिकन लष्कराच्या कस्टरचा लकोटा आणि त्यांच्या साथीदारांकडून पराभव झाला, त्यानंतर धान्य बंद करायची धमकी देऊन सह्या मागितल्या, तरी दहा टक्क्यांच्या आसपासच मिळाल्या. १८७७ मध्ये काँग्रेसने जमीन घेऊन टाकली. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे घेणं भरपाईविना झाल्याचं मान्य केलं आणि व्याजासह १० कोटी डॉलरच्या वर रक्कम मंजूर केली. लकोटांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं, आम्ही विकलेली नाही, जमीन द्या. रक्कम व्याजाने वाढत आता १ अब्ज डॉलरच्या वर गेली आहे, आणि अजून उचललेली नाही.

दुसरं प्रकरण २०२० चं, मॅकगर्ट खटला. पूर्व ओक्लाहोमातलं क्रीक लोकांचं राखीव क्षेत्र काँग्रेसने कधीच रद्द केलं नव्हतं, त्यामुळे फौजदारी कायद्यापुरतं ते आजही राखीव क्षेत्रच आहे, असा निकाल लागला. टल्सा शहराचा बराच भाग त्यात येतो. खाजगी मालकीच्या जमिनी यामुळे कुणाच्या गेल्या नाहीत, पण खटला कुणी चालवायचा हे बदललं. पुढे चेरोकींच्या क्षेत्रालाही तेच तत्त्व लागू झालं. त्याचे तपशील वेगळ्या धाग्यात लिहितो, कारण त्यात १८६६ चे करार सविस्तर घ्यावे लागतील.